मदत हवी आहे: खोडदच्या दुर्बिणीवरची विज्ञानकथा पटते का?

नमस्कार मंडळी, गेले काही महिने एक कथा डोक्यात घोळतेय. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी. तिथे आकाशातले अगदी क्षीण संकेत टिपायचे असतात, त्यामुळे शेजारच्या वीजवाहिनीवरची ठिणगीसुद्धा त्रासदायक ठरते.

माझी नायिका अशा गोंगाटाचा उगम शोधणारी तंत्रज्ञ, गावातलीच. रात्री एक खरखर येते. सगळे म्हणतात, कुणाचातरी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) असेल. तिचे वडील रात्रपाळीच्या विजेवर कांद्याला पाणी देतात आणि मोटर कधी चालू, कधी बंद ते जुन्या डायरीत टिपतात. ती डायरी शेजारी ठेवून पाहते, तर फीडर (गावाला वीज देणारी वाहिनी) बंद असतानाही खरखर आहेच! शिवाय ती रोज सुमारे ४ मिनिटं लवकर येते. ३:१० ची वेळ १५ दिवसांत २:१० वर. विजेला असं वेळापत्रक नसतं, ताऱ्यांना असतं; ते रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात.

हा क्षण मला फार प्रिय आहे, म्हणूनच धाकधूक वाटते. दुर्बिणी रोज वेगवेगळ्या दिशेला वळवतात, मग एकाच ठिकाणचा संकेत रोज कसा सापडेल? तो इतका तीव्र दाखवला की दुर्बीण दुसरीकडे वळलेली असतानाही कडेनं शिरतो, तर पटेल का? आणि ४ मिनिटांचा अर्थ तिनं लगेच सांगावा, की वाचकाला आधी अडखळू द्यावं? खगोलशास्त्र जाणणाऱ्यांनी आणि शेती करणाऱ्यांनी, दोघांनीही चुका मोकळेपणानं सांगा.