अनुभव धागा: उन्हाळ्यातली पौर्णिमा आणि भरलेल्या पाट्या

कोजागिरीवर सगळे भरभरून लिहितात, पण चैत्र, वैशाख, ज्येष्ठ या पौर्णिमांचं नाव कोणी फारसं काढत नाही. विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि नेमकं तेव्हाच आंबे, फणस, करवंदं, जांभळं सगळं एकदम अंगावर येतं. ह्या दिवसांत तुम्हाला देवाचं, निसर्गाचं, जे काय म्हणाल ते, काही जाणवलंय का? श्रद्धा असो नसो, लिहा. व्रतकथा सगळ्यांना पाठ आहेत, त्या नकोत, स्वतःचं लिहा.

फणसगरा (रत्नागिरीजवळ)
आमच्याकडे वटपौर्णिमेला नवऱ्यापेक्षा फळांचीच चर्चा जास्त 😄 वाणाला पाच फळं लागतात, आंबा, गरे, जांभळं, करवंदं, केळं, आणि ज्येष्ठ उशिरा आला की करवंदं संपलेली असतात मग सासूबाई शेजारणीला आठ दिवस आधीच सांगून ठेवतात की जाळीतली थोडी राखून ठेव गो. 2024 ला पौर्णिमा 21 जूनला होती, तोवर पाऊस लागलेला, हापूस संपलेला, रायवळ होता पण पाऊस पडल्यावर आंब्यात अळी निघते म्हणून प्रत्येक आंबा दाबून वास घेऊन निवडला. आणि चंद्र? आमच्याकडे त्या रात्री चंद्र दिसला तर नशीब, आभाळ भरलेलंच असतं. लहानपणी मला कळायचं नाही की पौर्णिमा म्हणायची आणि चंद्राला कोणी विचारतसुद्धा नाही. आता वाटतं त्या दिवसाचा देव वाणातच आहे, घरात जे उतू चाललंय ते पाऊस नासवायच्या आत दुसऱ्याच्या ओटीत घालायचं. सासूबाईंची एक गोष्ट मला फार आवडते, त्या शेजारच्या विधवा काकींनाही तस्संच वाण देतात. कोणी नाक मुरडलं तर म्हणतात "आंब्याला काय ठाऊक, कोण सवाष्ण नि कोण नाही." माझ्यासाठी अध्यात्म एवढंच, बाकी सात जन्माचं नवऱ्याशी बोलून ठरवू.

पाणवठा
मी देवभोळा नाही हे आधीच सांगतो. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात प्राणीगणनेसाठी मचाणावर बसलोय. ती गणना पौर्णिमेला का असते तर उजेड असतो आणि मे मधे बाकीचं पाणी आटलेलं असल्यामुळे जनावरांना पाणवठ्यावर यावंच लागतं. साबण नाही, अत्तर नाही, मळकट कपडे घालायचे, बोलायचं नाही, वेळ नि जनावर कागदावर टिपायचं. आधी सांबरं आली, मग रानगवे, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मध्यरात्रीनंतर एक अस्वल आलं, पाणी प्यायलं आणि शेजारच्या टेंभुर्णीखाली, म्हणजे तेंदूच्या झाडाखाली, पडलेली पिकली फळं निवांत खात बसलं, आवाज वरपर्यंत येत होता. सोबतचे कोरकू आदिवासी काका हळूच म्हणाले, "तेंदू आम्ही पण खातो, पण झाड रिकामं नाही करत." बस. वाघ दिसला नाही, आणि घरी आल्यावर सगळे तेवढंच विचारतात.

निळी ओढणी
नागपूर, बुद्धपौर्णिमा. मे मधलं 45 च्या आसपासचं ऊन, पांढरी साडी, विहारात वंदना, आणि संध्याकाळी वस्तीत खीर. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली ती वैशाख पौर्णिमेला असं आम्ही मानतो. मला त्यात सगळ्यात जवळचं हे वाटतं की उपाशी राहून राहून हाडं उरलेल्या माणसाने ती खीर घेतली, नको म्हटलं नाही. आई खीर ढवळताना दरवर्षी हेच सांगते आणि दरवर्षी साखर जास्त घालते.

इचलकरंजीकर
आमच्याकडं ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर. बैल धुवायचा, शिंगं रंगवायची, पोळी त्याला आधी. आता गल्लीत बैलच नाहीत, मातीच्या जोड्या आणून पुजतो.

बर्फातली_माहेरवाशीण
न्यूयॉर्क राज्यात राहते, वरच्या भागात. इथे जूनच्या पौर्णिमेला स्ट्रॉबेरी मून म्हणतात, मुलाने शाळेतून येऊन विचारलं की गुलाबी का नाही. नाव रंगावरून नाही, त्याच सुमाराला रानातली स्ट्रॉबेरी पिकते म्हणून, नाव अल्गॉंक्वियन भाषा बोलणाऱ्या इथल्या मूळ लोकांचं. आपल्या महाबळेश्वरची थंडीतली, त्यामुळे मला हे पचायलाच वेळ लागला. आमच्या भागातले मूळ रहिवासी हौडेनोशौनी, त्यांच्यात स्ट्रॉबेरीचा सोहळा असतो, वर्षातलं हे पहिलं फळ म्हणून आभार मानतात, तिचा रस सगळ्यांना देतात, आणि मेल्यावर जायच्या वाटेच्या कडेला स्ट्रॉबेरी उगवतात अशी त्यांची समजूत आहे. हे वाचलं तेव्हा आजी आठवली, पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालू द्यायची नाही, अक्षय्यतृतीयेपर्यंत आम्ही नुसतं अढीपाशी वास घेत बसायचो. वड इथे कुठला, म्हणून 2025 च्या जूनमधे शेतावरून टोपलीभर स्ट्रॉबेरी तोडून आणल्या आणि तेच वाण दिलं, पाकिस्तानी शेजारणीलाही. चंद्र मात्र अगदी झाडांच्या शेंड्यांवरून गेला. नवरा म्हणाला 2006 नंतर इतका खाली पहिल्यांदाच आलाय.

झाडवाला
वाचतोय, छान आहे. फक्त बाजारात वडाच्या फांद्या विकत घेऊ नका हो. ज्येष्ठातच वडाची फळं पक्षी खातात, फांदी तोडली की त्यांचं ताट गेलं.

फणसगरा
+1. आमचा वड शाळेमागे आहे, तिथेच जातो सगळ्या. @बर्फातली_माहेरवाशीण, स्ट्रॉबेरीचं साठं (रस वाळवून केलेली पोळी) घालून बघ ना, तुमच्याकडे ऊन पुरेल का?