मदत हवी आहे: गालाच्या कर्करोगातलं मिथायलेशन कसं शोधू?

नमस्कार मंडळी. मी परळला एमएस्सीचा प्रकल्प करतेय. विषय आहे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आणि सीडीकेएन२ए जनुकाच्या प्रमोटरचं (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागाचं) मिथायलेशन. तिथे मिथाइल गट चिकटले की जनुक गप्प बसतं आणि पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारं पी१६ प्रथिन बनत नाही.

अडचण अशी, की टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकीय माहितीच्या अमेरिकी साठ्यातल्या ३३ प्रकारांत तोंडाला वेगळा कप्पाच नाही. जीभ, गाल, स्वरयंत्र, सगळं 'डोकं आणि मान' या एकाच नावाखाली. शिवाय याच जनुकातून पी१४ हे दुसरं प्रथिनही बनतं, त्याचा प्रमोटर निराळा. मी वापरते त्या पोर्टलवर जनुकाचं नाव टाकलं की सगळ्या प्रोबची (डीएनएवरच्या एकेका जागेचं मिथायलेशन मोजणाऱ्या तुकड्यांची) सरासरी येते, आणि आलेखात निरोगी व गाठीच्या नमुन्यांच्या पेट्या (बॉक्स प्लॉट) जवळजवळ एकाच उंचीवर दिसतात. काल रात्री लोकलमध्येही तोच आलेख मोबाईलवर मोठा करकरून बघत होते.

फक्त गालाचे नमुने कसे वेगळे काढायचे? हे मिथायलेशन ज्यावर मोजलंय त्या ४५०के चिपवरचे नेमके पी१६चे प्रोब कसे ओळखायचे? आणि ज्या गाठींत हे जनुकच गळून गेलंय, ते नमुने आधी बाजूला काढावेत ना? कुणी हे स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.