‘मारत तर नाही ना?’ यापुढे काय विचारायचं?

शेवंती: बचत गटाच्या बैठकीत नवऱ्याकडून होणाऱ्या छळावर अर्धा तास बोलायचं आहे. ‘मारतो का?’ विचारलं की बायका ‘नाही बाई’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मारहाणीपलीकडचं ओळखायला नेमकं काय विचारावं? पुस्तकी भाषा नको.

काळा_कोट: 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात (कलम 3) शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असा चारही प्रकारचा छळ येतो. सुरुवात पैशापासून करा, त्यावर बायका मोकळ्या बोलतात. खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय? एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात असतं? लाडक्या बहिणीचे 1500 रुपये कोण काढतं? गटाचं कर्ज तुमच्या नावावर, मग पैसा कोणी वापरला आणि हप्ता कोण भरतंय? दागिने ‘कुठे आहेत’ असं विचारलं तर ‘सासूबाईंच्या कपाटात’ एवढंच उत्तर येतं. ‘उद्या हवे असले तर मिळतील का?’ असं विचारा. स्त्रीधन अडकवून ठेवणं हाही आर्थिक छळच आहे. मात्र घरात पैसाच नसणं म्हणजे छळ नव्हे. त्याच्या तंबाखूला, पार्टीला पैसे निघतात आणि तिला दहा रुपयांच्या कोथिंबिरीचाही हिशोब द्यावा लागतो, तिथे शंका घ्या.

उंबरठा_७: भांडण कुठल्या घरात होत नाही? फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ‘तुम्ही नाही म्हटलंत तर काय होतं?’ फोन दाखवायला नाही, ‘माहेरी जाऊ नको’ला नाही, रात्री जवळ यायला नाही. उत्तर ‘कुरकुर करतात’ असेल तर वेगळं. ‘नाही म्हणायची सोयच नाही’, ‘चार दिवस बोलत नाहीत, खर्चायला देत नाहीत’, ‘जीव देईन म्हणतात’ असं आलं की थांबून ऐका. रात्रीच्या प्रश्नावर ‘नवराच आहे ना’ हे उत्तर हमखास येतं. 18 वर्षांवरील बायकोच्या बाबतीत बलात्काराच्या कलमात नवऱ्याला अपवाद आहे, पण 2005च्या कायद्यातला लैंगिक छळ लग्नातही धरला जातो.

सिस्टर_वॉर्ड: गळा दाबण्याबद्दल वेगळं विचारा. बऱ्याच जणी त्याला मारहाण समजतच नाहीत, ‘नुसता गळा धरला’ म्हणतात. बाहेर वळ नसतानाही आत सूज येऊ शकते. आवाज बसणं, गिळायला त्रास, डोळ्यांत लाल ठिपके, शुद्ध हरपणं किंवा नकळत लघवी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि केसपेपरवर ‘पडले’ न लिहवता खरं कारण लिहवायचं. एकदा गळा धरणारा माणूस पुढे जिवावर उठण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो.

शेवंती: आणि एखादीने पुढे जायचं ठरवलं तर? लगेच पोलीस केस होते का?

काळा_कोट: नाही. इथेच बायका घाबरतात. 2005च्या कायद्यात अर्ज केला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेले अधिकारी, घटना अहवाल भरून देतात, अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात रखडतं, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच अर्जात मागायचा. राहत्या घरातून न काढण्याचा आदेश मिळतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. गुन्हा होतो तो संरक्षणाचा आदेश मोडल्यावर: 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवऱ्याच्या-सासरच्या छळाच्या गुन्ह्याचं कलम, जुनं 498-अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं 85, ही निराळी वाट. तिथे पोलीस येतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. फोनसाठी 181, जिवावर बेतलं तर 112.

उंबरठा_७: घाईने खात्याचा मोबाइल नंबर बदलायला सांगू नका. मेसेज थांबले की त्याला त्याच दिवशी कळतं. नवं खातं काढलं तरी आधार जोडणी बदलली की योजनेचे पैसे तिकडे वळतात, तेही महिन्याभरात फुटतं. फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये (तेच व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडलंय त्याची यादी) अनोळखी उपकरण दिसलं तर ते लगेच काढू नका, पुढचं बोलणं दुसऱ्या कोणाच्या फोनवरून करा.

शेवंती: सासू-सुना, जावा एकाच गटात आहेत.

उंबरठा_७: मग हात वर करायला लावूच नका. विषय ‘आपलं पासबुक आपण कसं चालवायचं’ असा ठेवा, पैशाचे प्रश्न सगळ्यांसमोर मोघम टाका. बाकीचे प्रश्न बैठक सुटल्यावर, मागे रेंगाळणाऱ्या बाईला एकटीला विचारा.