एक्झॉटिक म्हणजे नक्की काय? आमच्या कुळागराच्या बोर्डावर लिहू का?

कुळागरवाली:
नमस्कार, फोंड्याजवळ आमचं छोटं कुळागर आहे, सुपारी मिरी जायफळ केळी भिरांड (कोकम) सगळं, आणि या सीझनला पाहुण्यांना फिरवून जेवण घालायचं ठरवलंय. भावाने बोर्डासाठी इंग्रजी मजकूर लिहिला त्यात एक्झॉटिक चार वेळा, मिरी एक्झॉटिक, सोलकढी पण एक्झॉटिक. डिक्शनरीत बघितलं तर परदेशी, विलक्षण असं काहीतरी. आई विचारते आपली मिरी विलक्षण कशी गो, मला धड सांगता येईना. विचित्र असा अर्थ निघतो का? ठेवू की काढू?

जुना मास्तर:
विचित्र नव्हे बाय. विचित्रला वीअर्ड किंवा स्ट्रेंज, त्यात जरा नाक मुरडणं असतं. एक्झॉटिकचं मूळ ग्रीक, एक्झो म्हणजे बाहेर, बाहेरून आलेलं ते एक्झॉटिक. पुढे त्याला ओढ चिकटली, म्हणजे लांबचं, आपल्याकडे न दिसणारं आणि म्हणूनच बघावंसं वाटणारं. त्यामुळे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर सगळं आहे, लंडनच्या पाहुण्याने तुझ्या सोलकढीला म्हटलं तर बरोबर, पण तूच आपल्या घरच्या सोलकढीला म्हटलंस तर तू तिच्याकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी बघतेस असं होतं.

रानवाट:
सरांना धरूनच सांगतो, मी बॉटनी शिकलोय. आमच्यात एक्झॉटिक म्हणजे सरळ मूळची इथली नसलेली जात, सुंदर-बिंदर काही नाही. रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन अकेशिया एक्झॉटिक. आणि काजू!! फेणीमुळे आपण तो गोव्याचाच समजतो पण पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ब्राझीलहून आणला, नावसुद्धा तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलं. मिरची, अननस, पपई ही पण अमेरिकेकडची. तुमच्या कुळागरातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, म्हणजे ते खरं एक्झॉटिक, पण मिरी आणि भिरांड पश्चिम घाटातली, ती अस्सल इथली आणि भावाने नेमकी त्यांनाच लावलाय शब्द.

म्हापशेकार:
भाजीवाले ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूसला एक्झॉटिक म्हणतात ते मात्र ठीकच. एक सांगतो, माणसाला हा शब्द लावू नये. माझी मावसबहीण बोटीवर कामाला होती, तिथे एक पॅसेंजर रोज तिला यू लुक सो एक्झॉटिक म्हणायचा, त्याला कौतुक वाटत असेल पण ती म्हणायची दादा मला शोकेसमधली वस्तू असल्यासारखं वाटतं. पाहुण्यांना फिरवणाऱ्या तुमच्या मुलींबद्दल बोर्डावर असलं काही असेल तर ते पहिलं पुसा.

कुळागरवाली:
मुलींबद्दल नाहीये, देव बरें करूं सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं, जायफळ बाहेरचं हे तिला अजून पटत नाही, तिच्या सासूने लावलेलं झाड ते. चारही ठिकाणचा शब्द काढला, मिरीपुढे आता पश्चिम घाटातली, वेलीवरून खुडलेली असं इंग्रजीत घालतोय. रानवाट, जायफळाचं बांदा बेटांचं पण लिहू ना? पाहुण्यांना सांगायला मला आवडेल.