मदत हवी आहे: दिव्यांगांची यादी करताना दारात नेमकं काय विचारावं?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. ज्यांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नाही त्यांना ते काढून द्यावं म्हणून आमच्या महिला मंडळानं गावातल्या दिव्यांगांची यादी करायला घेतली. वस्ती १४०० ची. सगळी घरं फिरून झाली आणि नावं आली फक्त १४. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के दिव्यांग नोंदले होते, त्या हिशेबानं इथं तीसेक तरी निघायला हवेत.

त्यातही ११ हातापायाचे, ३ डोळ्यांचे. कानाचं एकही नाव नाही! जनगणनेत हालचालीची अडचण असलेले ५४ लाख, ऐकण्याची ५० लाख, दृष्टीची ५० लाख. म्हणजे तिन्ही जवळपास सारखेच.

आमच्यातले कानाचे कुठं गेले ते परवा कळलं. एका घरी सून म्हणाली, "आमच्यात कुणी अपंग नाही हो आक्का." मागं सोप्यात आजी शेंगा फोडत बसलेल्या. मी दोनदा हाक मारली, मान वर नाही. सुनेनं खांद्याला हात लावला तेव्हा कुठं बघितलं. "वय झालं की कान जातातच की," सून म्हणाली. तिनं काही लपवलं नव्हतं, माझंच विचारणं चुकलं होतं.

मनाच्या आजाराचं मात्र लपवतातच, लग्नाची मुलगी घरात असली की जास्तच. जनगणनेत असे सात लाखांच्या वर थोडेच आहेत. मला तो आकडा पटत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ चे २१ प्रकार झाले, सिकलसेल, थॅलेसेमिया, ऑटिझम धरून. आमच्याकडची या प्रकारांची यादी कन्नडमध्ये आहे, ती वाचता येते. पण दारात मराठीत बोलावं लागतं, आणि "श्रवणदोष" म्हटलं की माणसं नुसती बघत राहतात. 'अपंग' शब्द न काढता कसं विचारता? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, वॉशिंग्टन ग्रुप या संयुक्त राष्ट्रांच्या गटानं दिव्यांगांच्या मोजणीसाठी केलेले सहा प्रश्न वापरा: दिसणं, ऐकणं, चालणं, लक्षात राहणं, स्वतःचं आवरणं, बोलणं समजणं-समजावणं. "चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?" अशा धर्तीवर. उत्तरं चारच: नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. शेवटच्या दोन उत्तरांना नाव लिहून घ्या. घराचं एकदम विचारू नका, एकेका माणसाचं विचारा. मनाच्या आजाराला हे प्रश्न पुरत नाहीत, तिथं आशाताईंना सोबत न्या. आणि त्या आजींचे कान आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, बऱ्याच योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.