लिडेल खचला होता, म्हणून त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही

वैशाखवारा:
परवा आमच्या मंडळीच्या गटावर एक पोस्ट आली. एरिक लिडेलचा धावतानाचा फोटो, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. खाली मजकूर असा: १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवार आला म्हणून शंभर मीटरची शर्यत सोडली, चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक घेतलं, मिशनरी होऊन चीनला गेला, जपान्यांच्या छावणीत अडकला, चर्चिलनं सुटकेची सोय केली तर आपली जागा एका गरोदर बाईला दिली, आणि श्रद्धा पक्की होती म्हणून मरेपर्यंत एक क्षणही खचला नाही. शेवटची ओळ: 'आज जरा मनाविरुद्ध झालं की डिप्रेशन म्हणून गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचावं.'

हे सगळं लिहायला बसले ते त्या शेवटच्या ओळीमुळे.

लिडेल खचला होता. चीनमधल्या वेशिएनच्या छावणीत तो १९४३ च्या मार्चमध्ये गेला. १९४४ संपता संपता त्याचं डोकं सतत दुखायला लागलं, पाय जड झाले, मन उदास राहू लागलं. छावणीतले डॉक्टर कैदीच होते, त्यांच्याकडे साधनं नव्हती. त्यांना वाटलं अतिश्रमानं नर्व्हस ब्रेकडाऊन झालंय, आणि त्यालाही तेच वाटलं. दुखण्याहून त्याला जास्त टोचत होतं ते हे, की सगळा भार प्रभूवर टाकायला हवा होता, आपण असं मोडायला नको होतं. २१ फेब्रुवारी १९४५ ला तो गेला, तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्याच दिवशी बायकोला पत्र लिहिलं होतं: अंगावर फार जबाबदाऱ्या घेतल्या होत्या, आता बरं आहे, डॉक्टर म्हणतात शिकवणं सोडून बेकरीत अंगमेहनतीचं काम धर. नंतर शरीर उघडून पाहिलं तेव्हा कळलं, मेंदूत गाठ होती.

माझ्या आईचंही असंच झालं. पोळ्या लाटताना लाटणं हातातून सुटायचं. तवा तापत ठेवून ओट्यापाशी नुसती उभी राहायची. रडायची, आणि का रडते ते तिला सांगता यायचं नाही. प्रार्थनेला घरी येणाऱ्या बायका म्हणायच्या, ताई, विश्वास कुठंतरी कमी पडतोय. आठ महिने आम्ही हेच ऐकलं आणि, लाज वाटते सांगायला, मीही तिला एकदा तेच म्हणाले. एमआरआय केला तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. ती गेल्यावर तिची वही सापडली. पानापानावर 'प्रभू, माझ्या अविश्वासाची क्षमा कर'. रेघा आखलेली वही, पण ओळी उजवीकडे खाली घसरत गेलेल्या. शेवटच्या पानावर तर शब्द एकमेकांवर चढलेत.

म्हणून कृपा करून 'एक क्षणही खचला नाही' असं कुणी लिहू नका.

देवळालीकर:
ती पोस्ट माझी आहे. तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण ताई, एका माणसाच्या आयुष्याची साक्ष देताना त्याचा वैद्यकीय अहवाल जोडायचा का? मी तीस वर्षं दवाखान्यांतून आजाऱ्यांपाशी बसून प्रार्थना करतोय. खाटेवरच्या माणसाला कुणीतरी उभं राहिलेलं दिसावं लागतं. माझा कारखाना बंद पडला तेव्हा घरात दोन लेकरं होती आणि मी विष आणून ठेवलं होतं. त्या आठवड्यात आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात लिडेल सांगितला. छावणीत तो मुलांना विज्ञान शिकवायचा, म्हाताऱ्यांची ओझी वाहायचा, पहाटे दिव्याच्या उजेडात शास्त्र वाचायचा. डोंगरावरच्या प्रवचनातलं 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' पोरांना समजावताना तो त्यांना जपानी पहारेकऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगायचा. स्टीफन मेटकाफ नावाच्या मुलाला त्यानं आपले धावायचे जुने बूट दिले, आणि तो मुलगा युद्धानंतर मिशनरी होऊन जपानलाच गेला! मी ते विष गटारात ओतलं ते हे ऐकून. आता सांगा, ही साक्ष चुकीची?

कोरडवाहू:
साक्ष चुकीची नाही, अर्धी आहे. मी कुठल्याच देवाचा नाही, पण त्या छावणीबद्दल भरपूर वाचलंय. दीड हजाराच्या आसपास माणसं होती, नऊ बाय बाराच्या खोल्या होत्या, ढेकूण होते, पाण्याचा पंप हातानं मारायचा होता. त्यात मिशनरी शेकड्यानं होते आणि सगळे लिडेल नव्हते. १९४५ च्या जानेवारीत अमेरिकन रेडक्रॉसची दीड हजारांवर खोकी आली. छावणीत अमेरिकन होते दोनशेच्या आसपास. त्यांतल्या काहींनी हट्ट धरला की खोकी आमच्या देशाची, आमचीच. धर्मोपदेशकही त्या वादात तत्त्वं सांगत बसले. वाटप थांबलं, आणि शेवटी जपान्यांनी टोकियोहून निर्णय आणून माणशी एक खोकं दिलं. उपाशी लेकरांना न्याय मिळाला तो शत्रूच्या हुकमानं. हे तुमच्या उपदेशात कधी ऐकलं नाही मी.

आणि १९४३ म्हटलं की मला बंगालचा दुष्काळ आठवतो. लाखो माणसं रस्त्यावर मेली. छावणीतल्या गोऱ्या माणसांच्या आठवणी छापल्या जातात, त्यांची नावं आपल्याला पाठ असतात. त्या भुकेल्यांतलं एक तरी नाव सांगता येतं का आपल्याला? मी मराठवाड्यातला आहे. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या घरातलं एक मूल गेलं, त्याचा फोटोसुद्धा नाही.

देवळालीकर:
बंगालचा इथं काय संबंध? प्रत्येक चर्चेत मिशनरी दिसला की तुम्ही हेच करता.

कोरडवाहू:
संबंध आहे. कुणाच्या दुःखाची साक्ष होते आणि कुणाच्या दुःखाचा नुसता आकडा होतो, हाच संबंध.

नगरचा वेशीकडे:
एक मुद्दा माझाही. कैद काय फक्त जपान्यांनीच केली? पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन लोकांना आमच्या नगरला छावणीत ठेवलं होतं, त्यांत मिशनरीही होते. दुसऱ्या युद्धात पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबं होती, हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यूसुद्धा होते त्यांत. नगर मिशनचं गाव, तरी त्या माणसांच्या श्रद्धेवर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. ज्यानं कोंडलं तो आपला साहेब होता, म्हणून ती कैद आपल्याला आठवत नाही.

मैदानमास्तर:
मी खेळशिक्षक, निवृत्त. रविवारच्या गोष्टीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती सगळे अर्धीच सांगतात. 'चॅरियट्स ऑफ फायर' या त्याच्यावरच्या सिनेमात दाखवतात की बोटीवर चढताना त्याला कळतं, शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे. तसं नव्हतं. वेळापत्रक काही महिने आधी हातात होतं आणि तो चारशेची तयारी करत होता. ४७.६ सेकंद एका रात्रीत येत नाहीत, पोरांनो.

दुसरी अर्धी गोष्ट छावणीतली. तिथंही रविवारी खेळ बंद, म्हणजे लिडेल पंच म्हणून उभा राहायचा नाही. मोठी पोरं कंटाळली. त्यांनी एका रविवारी आपली आपणच हॉकी लावली आणि मारामारी झाली, पंच नव्हता ना. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानात. सुवर्णपदकासाठी ज्यानं रविवार मोडला नाही, त्यानं पोरांसाठी मोडला. मला तो पॅरिसपेक्षा इथं मोठा वाटतो.

देवळालीकर:
मोडला म्हणू नका. 'शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही' हे प्रभूचंच वचन आहे. लिडेल नियमातून सुटला नाही, नियमाच्या गाभ्यापर्यंत गेला.

कोरडवाहू:
मग पॅरिसला हे वचन लागू नव्हतं का?

देवळालीकर:
पॅरिसला धावणं स्वतःसाठी होतं. शिट्टी दुसऱ्यांसाठी होती.

कोरडवाहू:
पॅरिसलाही देश होता की मागे. अख्ख्या ब्रिटनचे डोळे लागले होते. तो 'दुसरा' चालत नाही आणि पोरं चालतात, हे ठरवणार कोण?

मैदानमास्तर:
ज्याचं त्यानंच ठरवायचं, हाच तर मुद्दा आहे! १९९८ साली माझ्या खो-खोच्या संघात एक मुलगा होता, नववीतला, चपळ इतका की खांबाजवळून वळताना धूळसुद्धा उडायची नाही. जिल्ह्याचा अंतिम सामना रविवारी आला. म्हणाला, सर, सकाळी उपासनेला जावं लागतं, अकराला येतो. सामना दहाला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, देव पाहिजे तर देवाकडे जा, संघ पाहिजे तर संघात ये. तो गेला. आम्ही हरलो. पुढच्या वर्षी तो खेळायलाच आला नाही, आणि मी त्याला बोलवायला गेलो नाही. सामना अकराला घ्या म्हणून मी एक अर्जसुद्धा केला नव्हता. लिडेल आपला नियम सोडून पोरांकडे आला. मी माझी अकड सोडून एका पोराकडे गेलो नाही.

कोरडवाहू:
सर, यावर मला काही म्हणायचं नाही.

नगरचा वेशीकडे:
माझ्या थोरल्या मुलाचं असंच झालं, पण उलट बाजूनं. आमच्याच घरी रविवारी क्रिकेटला जायला बंदी होती. माझीच. मुलगा आज चाळिशीचा आहे, उपासनेलाही येत नाही आणि क्रिकेटही बघत नाही. मास्तर, तुमच्या शिट्टीच्या गोष्टीनं आज झोप येणार नाही मला.

लेकीची बाजू:
सगळे रविवारवरच बोलताय म्हणून विचारते. त्याच्या मुलींचं काय? १९४१ मध्ये बायको फ्लॉरेन्स पोटुशी असताना, दोन लहान मुलींसकट त्यानं कॅनडाला पाठवून दिली आणि स्वतः मागे राहिला. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. बापानं तिला कधी पाहिलंच नाही. नवरा गेल्याची बातमी फ्लॉरेन्सला मे महिन्यात कळली, दोन-अडीच महिन्यांनी. परक्यांच्या पोरांना शिट्टी मिळाली, बूट मिळाले. स्वतःच्या तिसऱ्या पोरीला काय मिळालं?

माझे वडील समाजकार्याला गेले, डोंगरातल्या पाड्यांवर. दिवाळीला यायचे. लोक पाया पडायचे त्यांच्या. आई शिवणयंत्रावर फॉल-पिको करून आम्हाला वाढवत होती. तिच्या पाया कुणी पडलं नाही.

देवळालीकर:
बोलावणं वरून येतं तेव्हा घर मागे राहतं. त्याची किंमत असते.

लेकीची बाजू:
किंमत कुणी भरली? काका, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी ते म्हणणारा पुरुष असतो. भरणारी घरात असते. तुमच्याकडे निदान एवढं म्हणायची हिंमत हवी की ते त्याचं चुकलं.

वैशाखवारा:
चुकलं असं मी म्हणणार नाही, ताई. माणसं पाठवली तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, थोड्या महिन्यांत भेटू. डिसेंबरमध्ये जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला, वाट बंद झाली. पण तुमचा प्रश्न त्याच्या मनातही असणार. दुसऱ्यांच्या पोरांत तो इतका का रमला, याचं एक उत्तर तिथंच असेल असं मला वाटतं. छावणीत पोरांना कॅल्शियम मिळावं म्हणून अंड्यांची टरफलं कुटून चमच्यानं भरवायचे. दुसऱ्याचं पोर तोंड वाकडं करतंय आणि आपलं समुद्रापलीकडे आहे, तीन वर्षांचं झालंय, हे बघताना बापाचं काय होत असेल?

लेकीची बाजू:
असेल. पण अंदाजावर मी माफ करत नाही. एवढं मानते की तो परत यायचं ठरवून थांबला होता. माझ्या वडिलांनी तसं कधी ठरवलंच नाही.

कोरडवाहू:
टरफलांवरून आठवलं. ती अंडी भिंतीवरून चोरून आणणाऱ्यांत पुढे होते फादर स्कॅनलन, ट्रॅपिस्ट साधू. पकडले गेले, दीड महिना एकांतकोठडी झाली. ज्याचं व्रतच मौनाचं, त्याला एकांताची शिक्षा! ते रात्री मोठमोठ्यानं लॅटिन प्रार्थना म्हणत बसायचे, शेजारी झोपणारे पहारेकरी वैतागायचे. मला श्रद्धा कळत नाही, पण अंडी कळतात. हा साधू मला मान्य आहे. आणि खोक्यांवरून मी वर सरसकट बोललो, ते थोडं जास्त झालं. लिडेलबद्दल वाईट बोलणारं छावणीतलं माणूस मला वाचनात सापडलेलं नाही, आणि मी शोधलं होतं.

वैशाखवारा:
देवळालीकर काका, एक राहिलं. चर्चिलची आणि गरोदर बाईची गोष्ट २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी चिनी अधिकाऱ्यांकडून पुढे आली. त्याच्या घरच्यांनाही ती नवीन होती. ज्यानं बायकोला पत्रात बेकरीपर्यंतचं सगळं कळवलं, त्याच्या नावावर आपण आणखी काही का जोडायचं?

देवळालीकर:
चर्चिल काढतो. 'एक क्षणही' हे शब्दही काढतो, जड मनानं, कारण मला त्याच शब्दांनी तारलं होतं. पण परिचारिकेशी बोलताना मरणाआधी तो म्हणाला ते 'संपूर्ण समर्पण' मी ठेवणार आहे. ते गाठ असतानाच म्हणालेला आहे तो. त्यावर कुणाचं ऐकणार नाही.

वैशाखवारा:
ते ठेवाच. तेच तर मी म्हणतेय. डोक्यात गाठ, मनात अपराध, आणि तरी ते शब्द.

देवळालीकर:
तुमची परवानगी असेल तर येत्या रविवारी उपासनेत आईंच्या वहीतलं वाक्य वाचू का?

वैशाखवारा:
नको, काका. वही घरातच राहू दे. गोळ्यांबद्दलची ती शेवटची ओळ मात्र अजून गटावर दिसतेय. आमच्या गटात दोघीजणी त्या गोळ्या घेतात, मला माहीत आहे.

देवळालीकर:
काढली. आत्ता बघा.