कंदकूज ‘बुरशी’ म्हणून कार्बेन्डाझिम? कुणी सांगितलं?

बांधावरून
काल इथं एकानं लिहिलं: “आल्याची कंदकूज ही बुरशी. कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र आळवा. वर्गीकरणाचा घोळ पुस्तकवाल्यांना ठेवा.” वाचून डोकं उठलं. कंदकूज करणारं पिथियम ही खरी बुरशी नाहीच. तिची भिंत मुख्यतः सेल्युलोज-ग्लुकनची, बुरशीसारखी कायटीनची नाही. नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक खऱ्या बुरशीचं ट्युब्युलिन नावाचं प्रथिन धरतं, पिथियमला त्याचं काही वाटत नाही. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मात्र खरी बुरशी. म्हणजे चोर मोकळा आणि राखणदार मेला. दोन्हींत निदान पंधरवड्याचं अंतर हवं, हे पाकिटावरसुद्धा वाचत नाहीत लोक.

कन्नडकर
भाऊ, लईच तापलात. १९६९ ला व्हिटेकर या शास्त्रज्ञानं सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या तेव्हा हीच मंडळी बुरशीत बसवली होती. पुढं उचलून दुसरीकडं नेली. त्यानं गड्डा सडायचा थांबला का? शेतकऱ्यानं लक्षण बघावं. खालची पानं टोकाकडून पिवळी, बुंधा पाणचट, ओढला की कोंब अलगद हातात. मेटालॅक्झिल-मॅन्कोझेबचं तयार मिश्रण, लिटरला २.५ ग्रॅम, वाफसा बघून आळवणी, आधी निचऱ्याची चर. विषय संपला.

मास्तर_सूक्ष्म
लक्षणावरच तर फसायलेत सगळे. झाड हिरवं असतानाच पानं गुंडाळून मान टाकली, तर तो रालस्टोनिया. जिवाणू. खोडाचा दोन-तीन इंची तुकडा धारदार पात्यानं कापा, काचेच्या ग्लासातल्या नितळ पाण्यात टोक बुडेल असा दोऱ्यानं लटकवा आणि ग्लासाला हात लावू नका. थोड्या मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरतो. उतरला, की मेटालॅक्झिल म्हणजे पाणीच. झाड गड्ड्यासकट उपटा, त्या वाफ्याचं पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ देऊ नका, तिथलं बेणं ठेवू नका. ग्लास ढवळणाऱ्याला मातीचा गढूळपणाच ‘जिवाणू’ दिसतो, म्हणून सांगितलं.

येसरवाली
तुमची कंदकूज राहू द्या. मसाल्यातलं दगडफूल कुठल्या खान्यात टाकता? स्पर्धा परीक्षेच्या गाइडात अजून ‘वनस्पती’ छापतात, आणि पोरं तेच घोकतात.

मास्तर_सूक्ष्म
ताई, दगडफूल म्हणजे बुरशीचं घर आणि आत शैवालाचं भाडेकरू कुटुंब. साल, बैठक, आकार सगळा बुरशीचा, म्हणून शास्त्रीय नावही बुरशीचंच. वरच्या सालीखाली शैवालाचा पातळ हिरवा थर. राखाडी तुकडा पाण्यात टाका, साल पारदर्शक होऊन तोच हिरवट दिसायला लागतो.

कन्नडकर
भाडेकरूच स्वयंपाक करून मालकाला जेवू घालतो, आणि पाटी मालकाची! वा रे वर्गीकरण.

बांधावरून
पाटी कशीही असो, मोसंबीच्या खोडावर हे दगडफूल वाढलं की “रस शोषतंय” म्हणून खोड खरवडणारे आहेत. त्याला मुळं नाहीत, सालीत घुसून ते काही ओढत नाही. फांद्या विरळ झाल्या, ऊन पोचलं, म्हणून वाढतं. बुंध्याला डिंक असेल तर तो फायटोफ्थोरा, पिथियमचाच भाऊबंद. खरवडून झालेल्या जखमेतून त्यालाच वाट मिळते. तिथं बोर्डो मलम: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

कन्नडकर
आता आलात व्यवहारावर! तुरीचा वांझ रोग घ्या. विषाणू हाती लागायच्या कितीतरी आधी तो पसरवणारा कोळी सापडला होता, आणि काम कोळ्यावरच चाललं. शिवाय विषाणू तर पाच सृष्टींत कुठंच बसत नाही. काय अडलं?

मास्तर_सूक्ष्म
कोळी कीटक नाही, म्हणून तर कीटकांचं इमिडाक्लोप्रिड तिथं चालत नाही, गंधक लागतं. हे वर्गीकरणच झालं की. आणि तुरीवरचा हा कोळी आठ नाही, चारच पायांचा, भिंगाशिवाय दिसतसुद्धा नाही. विषाणूंसाठी वेगळी समिती, वेगळी मांडणी आहे. सजीवांच्या वंशवृक्षाच्या फांदीवर त्यांना कुणी जबरदस्तीनं बसवत नाही.

बांधावरून
आणि तुरीचं बीएसएमआर-७३६ किंवा बीडीएन-७११ पेरलं की निम्मं भांडण मिटतं. हे वाण वांझ आणि मर दोन्हींना तोंड देतात. मर ही फ्युजारियमची, खरी बुरशी. तिथं ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया शोभते.

कन्नडकर
बरं, ग्लासाचं मान्य, ते मला ठाऊक नव्हतं. पिथियमला मात्र मी बुरशीच म्हणणार. दुकानात “तपकिरी शैवालाच्या चुलतभावाचं औषध द्या” म्हणून बघा, काय मिळतं ते.

बांधावरून
म्हणा. येताना कार्बेन्डाझिम आणू नका, एवढंच.

येसरवाली
आणि दगडफूल सगळ्यात शेवटी, आच बंद करून परता. करपलं की येसर, म्हणजे आमटीचा मसाला, कडू.